घडी मोडण्याआधी आणि नंतर: वस्त्राला कलेचा मान मिळण्यामागची पार्श्वभूमी

मराठीत अंगावरच्या कापडासाठी एक क्रियापद पुरत नाही. साडी आणि धोतर नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात आणि उपरणे खांद्यावर घेतात. या प्रत्येक क्रियेत कापड आणि शरीर यांचे नाते निराळे असते. फॅशनकडे अंगावर वागवायची कला म्हणून पाहणारे आणि तिच्यावर त्याच भावनेने प्रेम करणारे लोकही मुळात या नात्याविषयीच बोलत असतात. तरीही गेल्या दीडपावणेदोन शतकांचा इतिहास चाळताना एक विसंगती वारंवार समोर येते. वस्त्राला कला म्हणून मान मिळाला तो बहुतेक वेळा ते अंगावरून उतरल्यानंतर, म्हणजे चौकटीत, काचेच्या कपाटात किंवा पुतळ्यावर गेल्यानंतर. ज्यांनी हे काम सर्वांत समजून केले त्यांनी मात्र शरीर कधी नजरेआड होऊ दिले नाही.

वस्त्र ही कला आहे की नाही, हा प्रश्नच एका विशिष्ट काळातला आणि मुलखातला आहे. १७४६ मध्ये शार्ल बातो या फ्रेंच विचारवंताने संगीत, काव्य, चित्र, शिल्प आणि नृत्य यांना एकत्र आणून 'ललित कला' असा गट मांडला. ज्यांचा हेतू आनंद देणे हाच आहे त्या या कला, आणि ज्या गरजेपोटी जन्माला येतात त्या वेगळ्या, अशी त्याची वाटणी होती. युरोपातल्या कलाशाळांनी आणि पुढे संग्रहालयांनी ही वाटणी इतकी मनावर घेतली, की शिंपी, विणकर आणि कशिदाकार हे कितीही कसबी असले तरी कारागीरच राहिले. आपल्याकडे वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत, वाद्य, नृत्य आणि आलेख्य म्हणजे चित्रकला यांच्याच पंगतीत नेपथ्यप्रयोग म्हणजे वेषभूषा, भूषणयोजन आणि सूचीवानकर्म म्हणजे शिवणकाम व विणकाम येते, तिथे अशी भिंत नाही. मात्र यावरून हुरळून जाण्याचे कारण नाही. ती यादी नागरकांनी म्हणजे शहरी रसिकांनी आणि गणिकांनी आत्मसात करावयाच्या गुणांची होती. विणणाऱ्याची सामाजिक पायरी तिच्यामुळे एका बोटानेही वर सरकली नाही.

हिंदुस्थानातले कापड एकोणिसाव्या शतकात संग्रहालयात पोचले ते व्यापाराच्या वाटेने. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात इथली वस्त्रे पाहून तिथल्या कलासुधारकांचे डोळे दिपले, हे खरे. पण त्यानंतरचे सर्वांत मोठे काम जॉन फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने केले आणि ते कात्रीने केले. लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये जमा झालेली कापडे कापून त्याने ७०० नमुने तयार केले, ते १८ खंडांत चिकटवले आणि अशा २० प्रती १८६६ मध्ये सिद्ध केल्या. त्यांपैकी १३ ब्रिटनमध्ये आणि ७ हिंदुस्थानात वाटण्यात आल्या. हेतू उघड होता. इथल्या माणसांना काय नेसायला आवडते ते मँचेस्टरच्या गिरणीमालकांना कळावे आणि तसे कापड तिथून पाठवता यावे. गंमत अशी, की याच वॉटसनने सोबतच्या ग्रंथात एक अतिशय जाणती नोंद करून ठेवली आहे. इथले कितीतरी पोशाख सुई किंवा कात्री न लागता मागावरूनच पूर्ण होऊन उतरतात, हे त्याने ओळखले होते. साडी, धोतर, पागोटे ही कापडे नसून तयार पोशाख आहेत हे ज्याला उमगले, त्याच्याच हाताखाली त्यांचे तुकडे झाले.

तुकडा केल्याने काय हरवते हे समजण्यासाठी पैठणीचा पदर जवळून पाहावा लागतो. येवल्याच्या मागावर पदर विणताना आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जात नाही. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी तिल्ली असते. विणकर ती हाताने त्या रंगापुरतीच पुढे नेतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत आणतो. मोराच्या निळ्या मानेचा धागा जिथे जरीच्या जमिनीला भेटतो तिथे दोन्ही एकमेकांना कडी घालतात. त्यामुळे मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत आणि पदर उलटा केला तरी मुनिया मुनियाच दिसते. जाणत्या बायका दुकानात आधी पदर उलटा करून पाहतात तो यासाठीच. दुसरी गोष्ट साडीच्या अंगाच्या रंगाची. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला, तर कापड हलते तसा रंग बदलतो, निऱ्यांच्या कडेवर एक आणि खोलगट भागात दुसरा. ही सारी योजना चालणाऱ्या, वळणाऱ्या, खांद्यावरचा पदर सावरणाऱ्या बाईसाठी आहे. जरीचे वजनही पदराकडे असते आणि त्या वजनानेच पदर पाठीवर सरळ पडतो. वहीत डकवलेल्या हातभर तुकड्यात नक्षी शिल्लक राहते, पण रंग आणि वजन दोन्ही मुकी होतात.

पैठणीवर विणकराचे नाव नसते, आणि याच मुद्द्यावर युरोपातली कथा वेगळे वळण घेते. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये आपली पेढी उघडली. तोवर शिंप्याने गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तिच्या आवडीचे कपडे बेतायचे असा रिवाज होता. वर्थने तो उलटा केला. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिच्यासारखी आश्रयदाती मिळाल्यावर बड्या घरच्या स्त्रिया त्याच्याकडे येऊ लागल्या, त्याने काढलेल्या नमुन्यांतून निवड करू लागल्या, आणि पोशाखाच्या आत कमरपट्टीवर त्याच्या नावाची विणलेली पट्टी शिवली जाऊ लागली. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो, तशीच ही सही. आज कपड्यापेक्षा त्यावरच्या नावाला अधिक पैसे मोजले जातात त्याचा उगम त्या पट्टीत आहे. कपडे बेतणाऱ्याने आपण कलावंत असल्याचा दावा केला तो प्रथम अशा रीतीने.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाने चित्रकार आणि वास्तुविशारद वस्त्राकडे वळत होते. विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कलावंताने १८६१ मध्ये आपली संस्था काढून घरातल्या रोजच्या वस्तूंना कलेच्या बरोबरीने वागवण्याचा आग्रह धरला. त्याच्या वर्तुळातल्या स्त्रिया कॉर्सेट म्हणजे कंबर आवळणारी ताठ चोळी टाकून सैल, वाहते झगे घालू लागल्या. लंडनच्या लिबर्टी या दुकानाने १८८४ मध्ये वास्तुविशारद ई. डब्ल्यू. गॉडविन याच्या देखरेखीखाली पोशाखांचा विभागच उघडला. बेल्जियमच्या हेन्री व्हॅन द व्हेल्ड याने १९०० मध्ये जर्मनीतल्या क्रेफेल्ड या रेशमाच्या गावी, तिथल्या संग्रहालयात, कलावंतांनी बेतलेल्या स्त्रीवेषांचे प्रदर्शन भरवले. या मंडळींचा हेतू चांगला होता. कॉर्सेटने आवळलेल्या बरगड्या मोकळ्या व्हाव्यात असे वैद्यही सांगत होते. पण घर, खुर्ची, पडदा आणि घरधनिणीचा झगा हे सगळे एकाच हाताने बेतलेले असावे, हा त्यांचा हट्ट लवकरच हास्यास्पद झाला. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस या वास्तुविशारदानेच एक उपहासकथा लिहिली. तिच्यातल्या श्रीमंत माणसाचे सारे घर एका वास्तुविशारदाने सजवलेले असते, आणि शयनगृहासाठी बेतलेल्या सपाता घालून तो दुसऱ्या खोलीत आला म्हणून तो वास्तुविशारद त्यालाच फैलावर घेतो. कलेच्या नावाखाली घालणाऱ्याचीच अडचण होऊ लागते तो क्षण लोसने नेमका पकडला आहे.

व्हिएन्नात तरी हा प्रयोग काही काळ जमला, आणि त्याचे श्रेय एमिली फ्लोगेकडे जाते. गुस्टाव्ह क्लिम्टच्या चित्रातली निळ्या वेषातली स्त्री म्हणून तिला जग ओळखते. पण ती स्वतः कुशल व्यावसायिक होती. १९०४ मध्ये तिने बहिणींसह मारियाहिल्फर रस्त्यावर पोशाखांचे सलॉन उघडले, त्याची सजावट व्हिएन्ना वर्कश्टाट या कलावंतांच्या संस्थेने केली आणि ते १९३८ पर्यंत चालले. सुधारकी सैल झग्यांवर एवढे मोठे सलॉन चालणे शक्य नव्हते, त्यामुळे पॅरिसच्या चालू धर्तीचे कपडेही तिला ठेवावेच लागत.

या साऱ्या काळातला सर्वांत निर्दोष पोशाख माझ्या मते व्हेनिसमध्ये तयार झाला. मारिआनो फॉर्च्युनी हा ग्रॅनाडात जन्मलेला चित्रकार, छायाचित्रकार आणि रंगमंचावरच्या प्रकाशयोजनेचा जाणकार. डेल्फी येथे १८९६ मध्ये उत्खननात सापडलेल्या सारथ्याच्या ब्राँझ पुतळ्याच्या उभ्या चुण्यांवरून स्फूर्ती घेऊन १९०७ च्या सुमारास 'डेल्फोस' नावाचा झगा तयार झाला. बारीक रेशमाला शेकडो अनियमित उभ्या चुण्या पाडलेल्या, कडेला रेशमी दोरीत ओवलेले मुरानोच्या काचेचे मणी आणि आत कसलाही सांगाडा नाही. मणी शोभेसाठी तर होतेच, पण त्यांच्या वजनाने हलके रेशीम अंगालगत खाली ओढले जाई. झगा टांगून ठेवायचा नाही, तर सुताच्या लडीसारखा पिळून लहानशा गोल डब्यात ठेवायचा, कारण टांगल्याने चुण्या सैल पडत. तो भिजला तर चुण्या जात आणि झगा पुन्हा फॉर्च्युनीकडे पाठवावा लागे. डब्यातल्या त्या पिळलेल्या लडीकडे पाहून आत पोशाख आहे असे कोणाला वाटणार नाही. बाई त्यात उभी राहिली म्हणजेच त्याला आकार येतो, आणि प्रत्येक बाईच्या अंगावर तो निराळा येतो. साडीच्या देशातल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

या झग्याच्या कुळकथेत एक बारीक पण महत्त्वाची नोंद आहे. १९०९ मध्ये पॅरिसमध्ये घेतलेल्या पेटंटच्या कागदावर फॉर्च्युनीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, की या शोधाची खरी कर्ती ऑन्रिएत ही आहे आणि घाईमुळे अर्ज माझ्या नावाने केला आहे. ऑन्रिएत म्हणजे त्याची सहचरी आणि पुढे पत्नी. पुढची अनेक दशके झगा फॉर्च्युनीच्याच नावाने ओळखला गेला. वर्थच्या पट्टीपासून सुरू झालेली सहीची प्रथा कोणाचे नाव दाखवते आणि कोणाचे झाकते, याचा हा एक लेखी पुरावा.

सोनिया डेलोने हिच्या बाबतीत नाव झाकले गेले नाही, तरी नवऱ्याच्या नावाच्या सावलीत ते बरीच वर्षे राहिले. मूळची युक्रेनची ही चित्रकार पॅरिसमध्ये स्थायिक झाली होती. १९११ मध्ये मुलगा झाल्यावर तिने त्याच्यासाठी कापडाच्या तुकड्यांची गोधडी शिवली, आपल्या मुलखातल्या शेतकरी बायका शिवतात तशी. पुरी झाल्यावर तिच्या लक्षात आले, की एकमेकांशेजारी ठेवलेले हे रंग आपल्या मित्रांच्या घनवादी चित्रांशी नाते सांगत आहेत. तिच्या अमूर्त चित्रकलेचा आरंभ अनेक अभ्यासक या गोधडीपासून धरतात. घरात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण चित्रकलेच्या इतिहासात गोधडीने पहिले पाऊल टाकावे ही साधी गोष्ट नव्हती. १९१३ मध्ये तिने तुकडे जोडूनच एक पोशाख शिवला आणि तो घालून ती पॅरिसच्या बाल ब्युलिए या नृत्यगृहात जाऊ लागली. रंगांचे तुकडे नाचताना हलत, एकमेकांजवळ येत, दूर जात. भिंतीवरच्या चित्रात गतीचा आभास निर्माण करावा लागतो, इथे गती खरीच होती. ब्लेझ सांद्रार या कवीने तिच्या पोशाखावर कविता केली आणि नेहमीचा क्रम उलटवून म्हटले, की पोशाखावर तिने शरीर धारण केले आहे. डेलोनेने १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात स्वतःचे दुकान मांडले, कापडाचे नमुने विकले आणि संसार चालवला. १९६४ मध्ये लूव्र संग्रहालयात प्रदर्शन भरलेली ती पहिली हयात स्त्री कलावंत ठरली.

रशियात क्रांतीनंतर ल्युबोव्ह पोपोव्हा आणि वारवारा स्तेपानोव्हा यांनी १९२३ च्या सुमारास मॉस्कोच्या एका छापील कापडाच्या सरकारी कारखान्यात काम धरले. चित्र एकाच्या भिंतीवर जाते, कापड हजारोंच्या अंगावर जाते, असा त्यांचा विचार होता. पोपोव्हा १९२४ मध्ये अकाली वारली आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही.

कपडे बेतणे हा धंदा नसून कला आहे, असे सर्वांत ठामपणे म्हटले ते एल्सा स्किआपरेल्ली हिने. रोमच्या विद्वान घराण्यातली ही बाई शिवणकामाचे शिक्षण न घेता पॅरिसमध्ये आली. १९२७ मध्ये तिचे नाव झाले ते एका विणलेल्या स्वेटरमुळे. त्याच्या गळ्याशी पांढऱ्या लोकरीनेच मोठी गाठ विणली होती, म्हणजे बांधलेली फीत असावी असा भास होई. पुढे चित्रकार साल्वादोर दाली आणि कवी जाँ कॉक्तो यांच्यासह तिने जे केले ते प्रसिद्ध आहे. १९३७ चा पांढऱ्या तलम कापडाचा झगा आणि त्यावर पुढच्या बाजूला छापलेली भली मोठी लाल शेवंड ही दालीची कल्पना. त्या शेवंडीवर खरेखुरे मेयोनेझ लावावे अशी त्याची इच्छा होती असे सांगतात. जिच्यासाठी ब्रिटनच्या राजाने गादी सोडली त्या वॉलिस सिम्पसनने तो झगा घालून सेसिल बीटनकडून छायाचित्रे काढून घेतली, तेव्हा समुद्रातला हा जीव कुठून कुठे पोचला याची चर्चा साहजिकच झाली. बुटाच्या आकाराची टोपीही त्याच जोडगोळीची.

पण या करामतींपेक्षा स्किआपरेल्लीचे एक निरीक्षण मला मोलाचे वाटते. १९५४ च्या आत्मचरित्रात तिने कबूल केले, की ही मोठी कठीण आणि असमाधान देणारी कला आहे, कारण पोशाख जन्माला येतो तोच जुना होऊन. चित्र भिंतीवर राहते, पुस्तक जसेच्या तसे टिकते. पोशाखाला तसे सुरक्षित आयुष्य नाही, तो कोणीतरी घातल्याशिवाय जगत नाही, आणि घातला की तो बेतणाऱ्याच्या हातात राहत नाही. वस्त्रकलेविषयी तत्त्वज्ञांनी लिहिलेल्या पुष्कळ पानांत इतकी स्वच्छ मांडणी सापडत नाही.

१९६५ मध्ये इव्ह साँ लोराँ या फ्रेंच वेषकाराने पीट मोंद्रियानच्या चित्रांवरून बेतलेले पोशाख आणले, तेव्हा मोंद्रियान जाऊन २१ वर्षे झाली होती. काळ्या जाड रेषा, लाल-पिवळे-निळे चौकोन आणि सरळसोट आखूड झगा. जगभर त्याच्या स्वस्त नकला निघाल्या, आणि नकलांत व मूळात फरक काय हे बहुतेकांना कळले नाही. फरक शिवणीत होता. मूळ पोशाखात रंग छापलेले नव्हते, प्रत्येक चौकोन लोकरी जर्सीचा वेगळा तुकडा होता आणि शरीराच्या उंचसखलपणासाठी लागणारी सगळी कापाकापी त्या काळ्या रेषांच्या जोडांत लपवली होती. सपाट चित्र सपाट नसलेल्या देहावर ठेवायचे आणि तरी ते सपाटच दिसले पाहिजे, ही अडचण त्याने शिंप्याच्या अकलेने सोडवली.

'वेअरेबल आर्ट' हे शब्द रुळले ते त्यानंतरच्या दशकात आणि अमेरिकेत. साठच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला आणि शिल्पकला शिकणाऱ्या काही तरुण मुलींनी एकमेकींकडून क्रोशाचे काम शिकून घेतले. माग नको, यंत्र नको, एक हूक आणि लोकर पुरे, शिवाय हव्या त्या दिशेने आकार वाढवता येतो, ही त्यातली सोय होती. जॅनेट लिपकिन, जीन कॅसिसेडो, शॅरन हेजेस यांचे झगे आणि कोट त्यातून आले. ज्युली शाफलर डेल यांनी १९७३ मध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर अशा कामासाठी गॅलरी उघडली आणि ती ४० वर्षे चालली. इथला कलावंत ऋतूगणिक नवा माल काढत नसे. एकच वस्तू महिनोन्‌महिने करत बसे, आणि घेणारी बाई ती अंगावर घाली किंवा घरात भिंतीवर लावी. दोन्ही सोयी असणे हेच या चळवळीचे बळ होते आणि दुखणेही, कारण कलासमीक्षक तिला हस्तकलेत ढकलत आणि फॅशनवाले तिच्याकडे फिरकत नसत. न्यूझीलंडमध्ये सुझी मॉन्क्रिफ या शिल्पकार बाईने १९८७ मध्ये नेल्सनजवळच्या एका खेडेगावात, पावसाळी हवेत, तंबू ठोकून अशा पोशाखांची स्पर्धा भरवली. हेतू एका ग्रामीण कलादालनाकडे लोकांना वळवण्याचा होता. ती स्पर्धा २००५ पासून वेलिंग्टनला भरू लागली.

संग्रहालयांची दारे उघडली ती हळूहळू. न्यूयॉर्कमध्ये आयरीन लुइसन यांनी १९३७ मध्ये काढलेले वेषभूषेचे संग्रहालय १९४६ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयात विलीन झाले आणि पुढे कित्येक वर्षे त्याची जागा तळघरात राहिली. चित्रांच्या दालनांना उजेड आणि वस्त्रांना तळघर यात रेशमाला प्रकाश सोसत नाही हे कारण होतेच, पण तेवढेच होते असे म्हणवत नाही. १९८२ च्या फेब्रुवारीत 'आर्टफोरम' या कलाविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर जपानी वेषकार इस्से मियाके यांचे वेत आणि बांबूचे उरस्त्राण झळकले. कलासमीक्षेच्या एवढ्या कडक मासिकाने कपड्याला मुखपृष्ठ द्यावे याची तेव्हा बरीच चर्चा झाली. १९८३ मध्ये मेट्रोपॉलिटनने साँ लोराँचे प्रदर्शन भरवले. हयात वेषकाराचे तिथले ते पहिलेच, आणि संग्रहालयाने एका चालू धंद्याची जाहिरात केली असा आक्षेप लगेच आला. २०११ मध्ये अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश वेषकाराच्या मृत्यूनंतर भरलेले प्रदर्शन ६,६१,५०९ लोकांनी पाहिले आणि वाद बहुधा तिथेच संपला, निदान तिकीटखिडकीपुरता.

मियाके यांच्याविषयी आणखी थोडे सांगायला हवे, कारण त्यांचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्यासह त्यांनी ऐंशीच्या दशकात हातमागाच्या कापडाचे आणि हातशिवणीचे कपडे जपानमध्ये नेले. १९९३ मध्ये त्यांनी चुण्यांच्या कपड्यांची मालिका काढली. फॉर्च्युनी कापडाला चुण्या पाडून मग झगा शिवी. मियाके पोशाख आधी कितीतरी पट मोठा शिवत आणि मग तो कागदाच्या थरांत घालून यंत्रातून चुण्या पाडत. कापड पॉलिएस्टर असल्याने धुतले तरी चुण्या जात नाहीत. डब्यात जपायचा झगा रोज धुऊन वापरण्याजोगा झाला.

कायद्यानेही या प्रश्नाला हात घातला आहे आणि त्याची उत्तरे मासलेवाईक आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १५ व्या कलमानुसार, नोंदणी होऊ शकणारे पण नोंदवलेले नसलेले डिझाइन वापरून एखादी वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वेळा तयार झाली, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. पन्नासाव्या नगापर्यंत कला आणि एक्कावन्नाव्यापासून माल, असेच जणू त्याचे व्यावहारिक भाषांतर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चिअरलीडर मुलींच्या गणवेषांवरील पट्ट्यांच्या खटल्यात ठरवले, की उपयोगी वस्तूवरची नक्षी त्या वस्तूपासून वेगळी काढून स्वतंत्र कलाकृती म्हणून कल्पिता येत असेल तरच तिला संरक्षण मिळेल. म्हणजे पोशाखातली कला कायद्याला दिसते ती पोशाख बाजूला केल्यावर. वॉटसनची कात्री इथे न्यायालयाच्या हातात आली आहे.

मुंबईत या साऱ्याचे एक जिवंत प्रकरण आहे. पॅरिसच्या मोठ्या फॅशन घराण्यांचे भरतकाम गेली कित्येक वर्षे इथल्या कारखान्यांत होते. काम करणारे बहुतेक कारागीर उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधून आलेले. नक्षी आधी पातळ कागदावर उतरवतात, तिच्या रेषांवर सुईने बारीक भोके पाडतात आणि हा 'खाका' कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली भुकटी वरून पुसतात, की रेषा कापडावर उमटते. मग कापड लाकडी अड्ड्यावर म्हणजे चौकटीवर ताणून चारसहा जण दोन्ही बाजूंनी बसतात आणि आरी या आकडीदार सुईने दबका, सलमा अशा जरीच्या तारा आणि टिकल्या भरू लागतात. कापड त्या वेळी सपाट असते, पोशाख अजून झालेलाच नसतो. तरी खांद्याची शिवण जिथे येणार तिथे अर्धे फूल एका तुकड्यावर आणि अर्धे दुसऱ्यावर असे भरावे लागते, की दोन्ही जुळल्यावर पाकळी मोडलेली दिसता कामा नये. दिओर या फ्रेंच घराण्याने ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर आपला संग्रह सादर केला, तेव्हा मुंबईच्या चाणक्य या संस्थेचे नाव उघडपणे घेतले गेले आणि मंचाच्या प्रवेशावर भरतकामाचे भव्य तोरण होते. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या आवारात याच कारागिरांनी मनू आणि माधवी पारेख यांची चित्रे भरतकामात उतरवून भिंतीभर लावली होती. संस्थेचे नाव आले ही पुढची पायरी आहे. अड्ड्यावर बसलेल्या माणसांची नावे अजून कुठल्या पट्टीवर विणलेली नाहीत.

२ मे २०२२ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्याच मेजवानीला किम कार्दाशियन ही मॅरिलिन मन्‍रोचा १९६२ मधला, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाच्या समारंभातला झगा घालून आली आणि जुना प्रश्न नव्याने पेटला. मन्‍रोसाठी तो झगा इतका नेमका बेतला होता, की समारंभाच्या रात्री तो तिच्या अंगावरच शिवावा लागला होता. २०१६ च्या लिलावात तो सुमारे ४८ लाख डॉलरना विकला गेला. कार्दाशियन थोडाच वेळ मूळ झग्यात वावरली आणि मग तिने नक्कल चढवली. तरी जगभरच्या संग्रहालयांच्या संघटनेने पत्रक काढले, की ऐतिहासिक पोशाख कोणीही अंगावर घालू नयेत. जतनाच्या शास्त्राप्रमाणे हे बिनचूक आहे, कारण घाम, ताण आणि उजेड तिन्ही रेशमाचे शत्रू आहेत. संग्रहालयात जुने रेशीम घडी घालून ठेवत नाहीत. ते नळकांड्यावर गुंडाळतात किंवा घडीच्या जागी मऊ कागदाच्या गुंडाळ्या भरतात, कारण घडीवरच रेशीम आधी चिरते.

आपल्या घरांतही आजीची पैठणी मलमलीत गुंडाळलेली असते आणि वर्षातून एकदा ती उलगडून घडी बदलून ठेवतात. कारण तेच. मात्र नवी साडी आणली, की तिची घडी मोडायला आधी नणंदेला किंवा लेकीला देण्याची रीत अजून कितीतरी घरांत आहे. तोवर ती साडी दुकानातून आलेले कापड असते, आणि एकदा कोणीतरी नेसून ओटी घेऊन आली, पदराच्या टोकाला हळदीचे बोट लागले, की तिला 'ताईच्या डोहाळजेवणातली' असे नाव पडते आणि पुढे कपाटात ती त्याच नावाने शोधली जाते.